रोशीन शॉर्टॉल आणि आयर्लंडची संसद : घर, दिव्यांगत्व, आरोग्यसेवा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडचे राजकारण म्हटले की मराठी माणसाला माजी पंतप्रधान लिओ वराडकर आठवतात आणि बहुधा तेवढेच आठवतात. त्याच संसदेत ३२ वर्षे बसलेल्या, कधीही पंतप्रधान न झालेल्या एका बाईंचे काम मला जास्त महत्त्वाचे वाटते. हे पान त्यांच्याबद्दल आहे. त्यांच्या निमित्ताने संसदेतला साधा सदस्य घर, दिव्यांगत्व आणि दवाखाना या तीन प्रश्नांवर नेमके काय करू शकतो, तेही इथे सांगितले आहे.

या रोशीन शॉर्टॉल कोण?

जन्म १९५४, डब्लिन. राजकारणात येण्याआधी त्या कर्णबधिर मुलांच्या शिक्षिका होत्या. १९९१ मध्ये डब्लिनच्या महापालिकेत आल्या. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, लेबर पक्षातर्फे डब्लिन नॉर्थ-वेस्ट मतदारसंघातून संसदेवर निवडून गेल्या आणि २०२४ मध्ये स्वतःहून थांबेपर्यंत तिथूनच निवडून येत राहिल्या. फिंग्लस आणि बॅलीमन या कष्टकरी वस्त्या त्यांच्या मतदारसंघातल्या. २०१५ मध्ये त्यांनी कॅथरीन मर्फी आणि स्टीफन डॉनेली यांच्यासोबत सोशल डेमोक्रॅट्स हा पक्ष काढला आणि २०२३ मध्ये नेतृत्व तरुण पिढीतल्या हॉली केर्न्स यांच्याकडे सोपवले.

‘टीडी’ म्हणजे आपल्याकडचा खासदार का?

बहुतेक अर्थाने हो. संसदेच्या खालच्या सभागृहाला डॉल म्हणतात आणि तिथल्या सदस्याला टीडी. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून १७४ टीडी आहेत आणि मतदारसंघ ४३. हिशेब केलात तर लक्षात येईल की एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. मतदार एकाच नावापुढे खूण करत नाही, तो पसंतीक्रम लिहितो : १, २, ३, ४. आपल्या विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात करतात तसे.

याचा परिणाम टीडीच्या रोजच्या कामावर होतो. एकाच भागात तीन ते पाच टीडी असल्यामुळे लोकांना पर्याय असतो. एकाने दाद दिली नाही तर लोक दुसऱ्याकडे जातात. म्हणून बहुतेक टीडी आठवड्यातून किमान एकदा मतदारसंघात बसतात. त्या बैठकीला तिथे ‘क्लिनिक’च म्हणतात, आणि तिथे येणारी माणसेही आजार, औषधोपचार, घर यांचीच गाऱ्हाणी घेऊन येतात.

त्यांनी मंत्रिपद का सोडले होते?

२०११ मध्ये फाइन गेल आणि लेबर यांचे संयुक्त सरकार आले आणि शॉर्टॉल प्राथमिक आरोग्यसेवेच्या राज्यमंत्री झाल्या. देशभर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी करायची होती. कुठे आधी, याचा निकष गरजेवर ठरवायचा, जिथे गरिबी जास्त आणि डॉक्टर कमी तिथे पहिले केंद्र, असा त्यांचा आग्रह होता. २०१२ मध्ये आरोग्यमंत्री जेम्स रायली यांनी यादी २० वरून ३५ ठिकाणांपर्यंत वाढवली. वाढीव नावांत स्वोर्ड्‌स आणि बॅलब्रिगन ही दोन गावे होती, आणि दोन्ही रायलींच्या स्वतःच्या मतदारसंघातली. ही नावे कोणत्या निकषावर आली, याचे पटेल असे उत्तर शॉर्टॉल यांना मिळाले नाही. २६ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांनी राज्यमंत्रिपद सोडले आणि लेबरचा संसदीय गटही सोडला.

मंत्रिपदाच्या जेमतेम दीड वर्षात एक बीज मात्र रुजले. दारूच्या किमान दराचा विषय त्यांनी लावून धरला होता. २०१८ च्या कायद्यात तो आला आणि ४ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. कल्पना ते अंमल, दहा वर्षे.

स्लॉन्चकेअर म्हणजे काय, आणि त्यात त्यांचा वाटा किती?

‘स्लॉन्चे’ म्हणजे आयरिश भाषेत आरोग्य. स्लॉन्चकेअर ही आयर्लंडच्या आरोग्यव्यवस्थेची दहा वर्षांची योजना.

तिथली अडचण आधी सांगतो, कारण युरोपात सगळीकडे उपचार फुकट असतात असा आपल्याकडे समज आहे. आयर्लंडमध्ये उत्पन्न कमी असेल तर वैद्यकीय कार्ड मिळते आणि फॅमिली डॉक्टर फुकट तपासतो. कार्ड नसेल तर प्रत्येक भेटीला साधारण ६० युरो खिशातून जातात. जवळपास निम्मी जनता खासगी विमा काढते आणि त्याच सरकारी रुग्णालयात, त्याच डॉक्टरकडे, विमेवाल्याचा नंबर लवकर लागत आला. बिनविम्याचा माणूस रांगेत थांबतो. याला तिथे ‘दोन मजली’ व्यवस्था म्हणतात.

२०११ च्या सरकारने यावर उपाय म्हणून सर्वांना सक्तीचा विमा अशी योजना आणली. ती परवडणार नाही हे आकडेमोडीत दिसल्यावर २०१५ मध्ये बाजूला ठेवली गेली. तेव्हा आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर. २०१६ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळाले नाही. १५८ पैकी फाइन गेलकडे ५० जागा, फिआना फॉलकडे ४४. शॉर्टॉल यांच्या पक्षाकडे तीन. त्या पोकळीत सर्वपक्षीय समिती नेमली गेली : १४ सदस्य, अध्यक्ष रोशीन शॉर्टॉल. मे २०१७ मध्ये अहवाल आला.

मला या अहवालातल्या शिफारशींपेक्षा त्याखालची नावे मोठी वाटतात. तीन जागांच्या पक्षाच्या बाईंनी, एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांना एका कागदाशी बांधले. आरोग्यसेवा गरजेनुसार मिळावी, ऐपतीनुसार नव्हे, हे तत्त्व त्यानंतर कुठल्याही मोठ्या पक्षाला उघडपणे नाकारता आलेले नाही.

त्या अहवालात ठोस काय होते?

रांगेला मुदती होत्या. बाह्यरुग्ण विभागात तज्ज्ञांची भेट १० आठवड्यांत, दाखल होऊन उपचार १२ आठवड्यांत, तपासण्या १० दिवसांत. सरकारी रुग्णालयांतून खासगी व्यवसाय हळूहळू बाहेर काढायचा होता. फॅमिली डॉक्टर सर्वांना मोफत व्हायचा होता. खर्चही लिहिला होता : दहाव्या वर्षापर्यंत वार्षिक खर्चात सुमारे २.८ अब्ज युरोंची भर आणि बदल घडवण्यासाठी वेगळा ३ अब्जांचा निधी.

मग प्रत्यक्षात काय झाले? की कागद कपाटात गेला?

कपाटात गेला नाही, पण पूर्ण बाहेरही आला नाही.

झाले ते आधी. रुग्णालयात दाखल झाल्यावर दिवसाला ८० युरो, वर्षाला जास्तीत जास्त ८०० युरो भरावे लागत. हे शुल्क १७ एप्रिल २०२३ पासून सर्वांसाठी बंद झाले. फॅमिली डॉक्टरची मोफत भेट आधी सहा वर्षांखालच्या मुलांना होती, २०२३ मध्ये ती आठ वर्षांखालच्या मुलांपर्यंत गेली आणि त्याच वर्षी मध्यम उत्पन्नापर्यंतच्या कुटुंबांनाही लागू झाली. मार्च २०२३ पासून तज्ज्ञ डॉक्टरांसाठी नवा करार आला, त्यात सरकारी रुग्णालयात खासगी रुग्ण पाहता येत नाहीत. आरोग्ययंत्रणेचे, म्हणजे एचएसईचे, सहा विभाग करून अधिकार खाली नेण्याचे कामही सुरू झाले.

राहिले ते असे. सर्वांना मोफत फॅमिली डॉक्टर अजून नाही. उपचाराचा कायदेशीर हक्क नाही. १० आणि १२ आठवड्यांच्या मुदती बहुतेक ठिकाणी स्वप्नवतच आहेत. ३ जानेवारी २०२३ रोजी परिचारिकांच्या संघटनेने ट्रॉल्यांवर, खाट न मिळता पडून राहिलेले रुग्ण मोजले, ते ९३१ भरले. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेच्या कार्यकारी संचालक आणि सल्लागार मंडळाचे अध्यक्ष, दोघांनीही राजीनामे दिले होते.

२०२० ते २०२५ या काळात आरोग्यमंत्री होते स्टीफन डॉनेली. शॉर्टॉल यांच्यासोबत पक्ष काढणारे, २०१६ मध्ये तो सोडून पुढे फिआना फॉलमध्ये गेलेले तेच डॉनेली. एकाने समोरच्या बाकावरून विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, असे साडेचार वर्षे चालले. वरच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्याच कारकिर्दीत झाल्या, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

वराडकरांचा यात किती हात?

मालवण तालुक्यातले वराड हे त्यांच्या वडिलांचे गाव. डिसेंबर २०१९ मध्ये ते पंतप्रधान असताना कुटुंबासह तिथे येऊन गेले, ते सर्वांना आठवत असेल. ते स्वतः डॉक्टर. स्लॉन्चकेअरचा अहवाल आल्यावर दोनच आठवड्यांत, १४ जून २०१७ रोजी, ते पहिल्यांदा पंतप्रधान झाले. अंमलबजावणीचा आराखडा २०१८ मध्ये त्यांच्या सरकारनेच काढला. म्हणजे अंमलाची जबाबदारी त्यांच्याकडे आणि पाठपुरावा शॉर्टॉल यांच्याकडे. आपल्या गावचा माणूस म्हणून कौतुक जरूर करावे. पण रांगा हटल्या नाहीत, हेही त्याच कारकिर्दीचे सत्य आहे.

विरोधी बाकावरच्या टीडीच्या हातात असते तरी काय?

मुख्य हत्यार म्हणजे संसदीय प्रश्न. लेखी प्रश्न हे आपल्या अतारांकित प्रश्नासारखे, तोंडी प्रश्न तारांकितसारखे, आणि तातडीच्या स्थानिक विषयासाठी आपल्या लक्षवेधीसारखी सोय असते. लेखी प्रश्न वर्षाला हजारोंनी विचारले जातात आणि मंत्र्याचे उत्तर साधारण तीन कामकाजी दिवसांत येते.

आरोग्याच्या बाबतीत मात्र एक वळसा आहे. २००५ पासून सेवा चालवण्याचे काम एचएसईकडे आहे. त्यामुळे ‘अमुक भागात वाचा-उपचार तज्ज्ञाच्या किती जागा रिकाम्या आहेत?’ असे विचारले की मंत्री उत्तर देतात : हा सेवेच्या कामकाजाचा प्रश्न आहे, थेट उत्तरासाठी एचएसईकडे पाठवला आहे. मग पत्राची वाट पाहायची. ते आले नाही तर पुन्हा विचारायचे. तेच तेच पुन्हा विचारणे बाहेरून कंटाळवाणे दिसते, पण आकडे बाहेर येतात ते याच चिकाटीने, आणि पत्रकारांच्या बातम्यांचा मोठा भाग याच उत्तरांतून निघतो.

लिखित शब्दाची किंमत कळण्यासाठी एक उदाहरण. पाठीच्या कण्याला बाक आलेली मुले शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबली होती. २०१७ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री सायमन हॅरिस यांनी शब्द दिला की वर्षअखेर एकाही मुलाला चार महिन्यांहून जास्त थांबावे लागणार नाही. तसे झाले नाही. पण शब्द नोंदलेला होता, म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी कुणी ना कुणी टीडी तोच शब्द वाचून दाखवत प्रतीक्षायादीचा आकडा मागत राहिला. ते हॅरिस पंतप्रधान झाले तरी प्रश्न थांबला नाही.

दिव्यांग मुलांच्या ‘गरज-मूल्यांकना’चा वाद काय आहे?

हा सगळ्या पानावरचा मला सर्वांत बोचणारा भाग.

२००५ चा दिव्यांगत्व कायदा सांगतो : पालकांनी अर्ज केला की तीन महिन्यांत मुलाला कोणती मदत लागेल याचे मूल्यांकन सुरू झाले पाहिजे आणि पुढच्या तीन महिन्यांत पूर्ण झाले पाहिजे. १ जून २००२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा हक्क आहे. कायदा स्वच्छ आहे, पण माणसे नाहीत. मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचार तज्ज्ञ, वाचा-उपचार तज्ज्ञ यांच्या जागा रिकाम्या. मग एचएसईने तोडगा काढला : ९० मिनिटांची प्राथमिक तपासणी, आणि तेच मूल्यांकन समजायचे. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की हे कायद्यात बसत नाही. हजारो मुलांची फाइल पुन्हा उघडावी लागली, रांग आणखी लांबली. २०२५ मध्ये मुदत उलटलेल्या अर्जांची संख्या १५,००० च्या वर गेली.

मूल दोन वर्षांचे असताना अर्ज केला आणि पाचव्या वर्षी बोलावणे आले, तर मधली तीन वर्षे परत मिळत नाहीत. बोलणे, चालणे, माणसांत मिसळणे शिकायचे वय तेच असते. मे २०२५ मध्ये टिपररीच्या एका शाळकरी मुलीने आपल्या ऑटिस्टिक भावांसाठी संसद भवनाबाहेर ५० तासांचे धरणे धरले, तेव्हा पक्षोपक्षांचे नेते बाहेर येऊन तिच्याशी बोलले.

मूल्यांकन झाले तरी उपचार मिळतीलच असे नाही. कायद्याने मुदत घातली ती तपासणीला, उपचाराला नाही. कर्णबधिर मुलांना शिकवलेल्या शॉर्टॉल यांच्यासारख्या टीडीला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नव्हता.

दिव्यांगांसाठी संसदेतून चांगले काही झालेच नाही का?

झाले. आयरिश खुणांच्या भाषेला २०१७ च्या कायद्याने मान्यता मिळाली. ते विधेयक सरकारचे नव्हते, वरिष्ठ सभागृहातले सदस्य मार्क डेली यांचे खासगी विधेयक होते. २०१८ मध्ये देशाने दिव्यांग हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. आणि २६ एप्रिल २०२३ पासून १८७१ चा ‘वेड्यांचा’ कायदा बाजूला होऊन साहाय्याने निर्णय घेण्याचा नवा कायदा लागू झाला. दीडशे वर्षांची गोष्ट बदलली.

घरांचा प्रश्न त्यांच्या मतदारसंघात कसा दिसतो?

बॅलीमनमध्ये साठच्या दशकात १५ मजल्यांचे सात मनोरे बांधले होते. १९१६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सातही जणांची नावे त्यांना दिली. घरे बरी होती. पण दुकाने, बागा, कामधंदा, देखभाल मागून यायची होती ती आलीच नाही, लिफ्ट बंद पडत आणि वस्तीच बदनाम झाली. १९९७ पासून पुनर्वसनाची योजना राबवली गेली आणि शेवटचा मनोरा २०१५ मध्ये पाडला. त्या भागाची टीडी असणे म्हणजे नुसते छप्पर देऊन घर होत नाही, याचा रोजचा अनुभव.

आज अडचण उलटी आहे, छप्परच पुरत नाही. २०२४ मध्ये देशात ३०,३३० नवी घरे पूर्ण झाली, आदल्या वर्षीच्या ३२,६९५ पेक्षाही कमी. निवडणुकीच्या प्रचारात मात्र मंत्री ४० हजारांच्या आसपासचा आकडा सांगत होते. सरकारनेच नेमलेल्या गृहनिर्माण आयोगाने २०२४ मध्ये तूट दोन लाखांहून जास्त घरांची असल्याचे मांडले. २०२५ च्या सुरुवातीला तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या १५,००० च्या पुढे गेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक मुले होती.

शॉर्टॉल थांबल्यावर त्यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचे रोरी हर्न निवडून आले. ते घरांच्या प्रश्नाचे अभ्यासक, विद्यापीठातले प्राध्यापक. मतदारसंघाने काय निवडले ते यातून कळते.

पक्षादेश मोडून कुणी मत देते का?

क्वचित. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ या हिवाळ्यात भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर बंदी होती. ती उठवू नये म्हणून विरोधकांनी ठराव आणला, तो ६८ विरुद्ध ८३ मतांनी पडला. सत्तेतल्या ग्रीन पक्षाच्या नीसा हॉरिगन यांनी सरकारविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना १५ महिन्यांसाठी बाहेर ठेवले.

विरोधी टीडी स्वतः विधेयक का आणत नाहीत?

आणतात, पण राज्यघटनेची अट आहे : सरकारी तिजोरीवर भार पडणाऱ्या विधेयकाला सरकारची संमती लागते. ती मिळाली नाही की विधेयक समितीच्या दारात अडकते. २०१६ ते २०२० या अल्पमतातल्या सरकारच्या काळात कितीतरी विधेयके अशी अडकली. घर, दिव्यांगत्व, आरोग्य यांत पैसा लागतोच, त्यामुळे या विषयांना ही अट सर्वांत जास्त लागते.

हे तीन विषय एकत्र का घेतले? वेगळी खाती आहेत ना?

खाती वेगळी आहेत, माणूस एकच असतो. मेंदूला मार लागलेला चाळिशीतला माणूस घ्या. उपचार झाले, घरी जायचे आहे. पण घरात खालच्या मजल्यावर न्हाणीघर नाही. घरात बदल करायचे अनुदान स्थानिक पालिकेकडे. मदतनीस द्यायचे काम एचएसईचे. दिव्यांगत्वाचे धोरण २०२३ च्या मार्चपासून आरोग्य खात्यातून काढून बालकल्याणाच्या खात्याकडे गेले. तिघांचे जुळले नाही की माणूस जातो वृद्धांच्या शुश्रूषागृहात. देशाच्या लोकपालांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की ६५ वर्षांखालचे १,३०० हून अधिक लोक असे शुश्रूषागृहांत राहत आहेत. आजूबाजूला ऐंशी-नव्वदीची माणसे आणि स्वतःच्या आयुष्याची तीस-चाळीस वर्षे पुढे.

या घरबदल अनुदानाची कमाल रक्कम डिसेंबर २०२४ पासून ३०,००० वरून ४०,००० युरो झाली. बांधकामाचे दर त्याहून कितीतरी वेगाने वाढले होते.

मार्च २०२४ चे सार्वमत हरले, त्याचा याच्याशी संबंध?

थेट. राज्यघटनेतले ‘घरातल्या स्त्रीच्या कर्तव्या’चे जुने कलम काढून कुटुंबातल्या काळजीचे नवे कलम घालायचे होते. त्यात राज्य अशा काळजीला पाठबळ देण्याचा ‘प्रयत्न करील’ एवढेच शब्द होते. अनेक दिव्यांग कार्यकर्ते म्हणाले की आम्हाला हक्क हवेत, कुटुंबाच्या मायेवर सोपवलेले आयुष्य नको. ७३.९ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. सरकारच काय, शॉर्टॉल यांचा पक्षही ‘हो’च्या बाजूने होता, आणि इथे मला वाटते की दिव्यांगांचे म्हणणे त्यांनीही पुरेसे ऐकले नाही. १२ दिवसांनी वराडकरांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले.

आम्ही आयर्लंडमध्ये राहतो, पण नागरिक नाही. टीडीकडे जाता येते का?

येते. डॉलच्या निवडणुकीत मत फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे. पण टीडीच्या क्लिनिकमध्ये कुणी पासपोर्ट मागत नाही, तुम्ही त्या भागात राहता एवढे पुरते. शिवाय पालिकेच्या निवडणुकीत तिथे राहणाऱ्या कुणालाही मत देता येते, भारतीय पासपोर्ट असला तरी. त्यासाठी मतदारयादीत नाव घालून घ्या. आपली बरीच मंडळी हे करत नाहीत आणि घराच्या अर्जाचा, अनुदानाचा निर्णय तर पालिकेतच होतो.

जाताना काय न्यावे?

अर्जाची तारीख आणि संदर्भ क्रमांक, आलेल्या प्रत्येक पत्राची प्रत, आणि अडचण एका पानात. मुलाच्या मूल्यांकनाचा अर्ज असेल तर अर्ज दिल्याची तारीख सर्वांत वर लिहा, कायद्याची सहा महिन्यांची मुदत तिथूनच मोजली जाते. ‘मदत करा’ म्हणण्याऐवजी ‘याबद्दल लेखी प्रश्न विचाराल का?’ असे स्पष्ट विचारा. प्रश्नात मुलाचे नाव जाहीर होऊ द्यायचे नसेल तर तेही आधीच सांगा, नाव न छापता प्रश्न विचारता येतो. उत्तराचे पत्र आले की त्याची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढचा प्रश्न त्यातूनच निघेल.